नमुन्याबरहुकूम पुली

फाल्गुन लागला की निपाणीला शिंका येतात. माणसांना येतात म्हटलं तर ते अपुरं होईल, गावालाच येतात. रानात वाळलेला तंबाखू गाड्या भरभरून वखारींत येऊन पडतो, बायका तो कुटायला-चाळायला बसतात आणि त्याची तपकिरी पूड वाऱ्यावर गावभर हिंडायला लागते. मग बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात शिंका, बाजारात शिंका, शाळेत प्रार्थनेच्या ऐन मौनात शिंका. दुसऱ्या गावी सोयरीक ठरताना कुणी शिंकलं तर लोक अपशकुन समजून बैठक मोडतात. आम्ही फाल्गुनातली शिंक मनावर घेतली असती तर आमच्यात एकही लग्न जमलं नसतं. माझंही नसतं.

परीक्षाही नेमक्या याच दिवसांत येतात. काल दुपारी माझी नात माझ्या टेबलाशी बसून शास्त्राचं पुस्तक पाठ करत होती. दोन वाक्यं, एक शिंक, पुन्हा दोन वाक्यं. पान उडू नये म्हणून तिने न बघताच हात लांब करून माझं लोखंडी वजन ओढलं, पानावर ठेवलं आणि डोळे मिटून म्हणायला लागली, "कप्पीचे प्रकार तीन. स्थिर कप्पी, चल कप्पी आणि संयुक्त कप्पी." मला हसू आवरेना. तिने पानावर ठेवलेलं ते वजन म्हणजे एक कप्पीच होती. मोटारीची. झिजून झिजून मध्ये खळगा पडलेली. तिच्यापायी मी मॅट्रिकला मुकता मुकता राहिले.

लढाईचे दिवस होते. बेळगावात शहापूरला मामांकडे राहून मी इंग्रजी सहावीपर्यंत शिकले होते. मॅट्रिकला एकच वर्ष उरलं आणि निपाणीचं स्थळ आलं. माझ्या वडिलांनी बैठकीत एवढी एकच अट घातली, की पोरीला मॅट्रिकला बसू द्यायचं. होणारे सासरे म्हणाले, बसू द्यायचं म्हणजे काय, माझ्या मोटारीत घालून बेळगावला नेऊन बसवतो. बैठकीतल्या सगळ्यांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या मोटारीकडे पाहिलं आणि सुपारी फुटली. मुलगी आम्ही मुलाकडे बघून दिली नाही, मोटारीकडे बघून दिली, असं माझी आई शेवटपर्यंत म्हणायची. मुलगा, म्हणजे आमचे हे, तेव्हा सांगलीला कॉलेजात होते आणि त्यांची स्वतःची परीक्षा होती, म्हणून या गोष्टीत ते नाहीत. तसे पुढेही ते पुष्कळ गोष्टींत नसायचेच.

सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं आणि सासूबाईंना आक्का. आप्पांचा तंबाखूचा व्यापार होता आणि त्या व्यापाराचा सगळा धर्म एका शब्दात होता: नमुना. घेणाऱ्याला मूठभर पाला दाखवायचा. त्याने तो चुरगळून नाकाशी धरायचा, शिंकायचं आणि होय म्हणायचं. मग पुढे शंभर पोती जाऊ देत की हजार, शेवटच्या पोत्यातली शेवटची चिमूट त्या मुठीसारखी निघाली पाहिजे. आप्पांनी हे आयुष्यभर पाळलं. फक्त तंबाखूपुरतंच पाळलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांना सदराही जुन्या सदऱ्याच्या नमुन्याबरहुकूम लागे. एकदा शिंप्याने आपण होऊन खिसा जरा मोठा केला, तर आप्पांनी तो सदरा परत पाठवला होता.

मोटार अमेरिकन होती आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. बेळगावच्या कँपातला कोणी साहेब विलायतेला परत जाताना आप्पांनी ती घेतली. घेतल्या घेतल्या तिच्या कातडी बैठका काढून टाकल्या आणि आक्काने शिवलेल्या गाद्या बसवल्या, कारण मोटार दर अमावास्येला तवंदीच्या क्षेत्राला जाणार आणि देवाच्या दारात चामडं न्यायचं नाही. पंख्याचा चामडी पट्टा काढून किंतानाचा घातला. आप्पा घरात मराठी बोलत, पण बैलांशी कानडी बोलत आणि म्हणून मोटारीशीही कानडीच बोलत. चढण आली की स्टीअरिंगवर ओणवे होऊन "नडी, नडी", म्हणजे चल, चल, म्हणत. बैलांना ते ऐकू तरी जायचं.

आणि तिला पाणी गाळलेलंच लागायचं. आम्ही जैन, आमच्याकडे पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. गाळून झाल्यावर फडक्यात जे उरतं ती जिवाणी. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, म्हणून ती ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडायची. आक्काचं म्हणणं, माणसाच्या पोटात पाणी नुसतं जातं, मोटारीच्या पोटात तर ते तापतं, मग पाप किती पट? रेडिएटरला ती बंब म्हणायची आणि स्वतः गाळलेल्या पाण्याशिवाय त्यात थेंब पडू द्यायची नाही. हुसेन मिस्त्री, ज्याच्याकडे गावातली इंजिनं दुरुस्त व्हायची, तो सांगायचा की निपाणीत सगळ्यांत स्वच्छ रेडिएटर या घरचा. पुढे जे झालं त्यात दोष पाण्याचा नव्हता, एवढं म्हणूनच पहिल्या दिवशी कळलं.

माघी अमावास्येला तवंदीचा घाट चढताना मोटार उकळली. घाट काही लांब नाही, गावाबाहेर पडलं की समोर उभा. पंखा थांबला होता, कारण पट्टा सुटून खाली लोंबत होता. परत बसवला, परत सुटला. घरी आणून हुसेनने रेडिएटर उतरवलं आणि आत हात घालून सांगितलं की खालची पुली गेली. इंजिनाच्या दांड्यावरची ही पुली फिरते तेव्हा पट्टा फिरतो, पट्टा फिरतो तेव्हा वरचा पंखा. वर्षानुवर्षं पट्टा घासून पुलीच्या मध्ये खळगा पडला होता आणि पट्टा एका कडेला सरकून पडत होता. मुंबईला तार केली. उत्तर आलं, लढाई संपेपर्यंत असल्या जुन्या मोटारीचा सुटा भाग मिळायचा नाही. लढाई कधी संपणार ते तारेत नव्हतं. माझ्या परीक्षेला दहा दिवस होते.

आता कुणी म्हणेल, एवढं काय, सर्व्हिसच्या गाडीने जायचं. त्या वर्षी सर्व्हिसची गाडी कोळशाच्या गॅसवर धावायची आणि धावायची हे फक्त म्हणायचं. आठवड्यातून दोनदा सुटे, कधी चारदा ठरून एकदाही सुटत नसे, आणि संकेश्वरच्या पुढे जाईल याची हमी कंडक्टर देत नसे. आप्पांनी सहा महिने पेट्रोलची कुपनं या एका खेपेसाठी राखून ठेवली होती. आणि परीक्षा वर्षातून एकदाच. घरी येणाऱ्या बायका आक्काला म्हणत, यंदा नाही तर पुढल्या वर्षी. म्हणताना त्या माझ्याकडे अशा काही बघत, की पुढल्या वर्षी माझ्या हातात पुस्तक असणार नाही, पाळण्याची दोरी असणार, हे मला त्यांच्याइतकंच कळे. यंदा नाही तर कधीच नाही. रात्री उशी ओली व्हायची, हे आता सांगायला हरकत नाही.

पुली इथेच करून घ्यायची ठरली. आप्पा जुनी पुली रुमालात गुंडाळून हुसेनच्या लेथवर गेले आणि त्यांनी ती त्याच्या हातात ठेवली. आप्पांनी काय सांगितलं असेल ते लिहायची गरज नाही. नमुन्याबरहुकूम. दोन दिवस ते लेथसमोर स्टूल टाकून बसले. हुसेन लोखंड कातायचा, आप्पा दोरा लावून मापायचे. हुसेनला त्या शिंप्याची गोष्ट माहीत होती. त्याने कातून कातून शेवटी अशी पुली दिली, की जुनी आणि नवी शेजारी ठेवल्या तर फक्त गंजावरून ओळखावं. घेर तोच, भोक तेच, कडा त्याच. आणि मध्ये खळगाही तोच, अगदी तेवढाच, हुसेनने मोठ्या कष्टाने कातलेला.

आप्पांनी ती घरी आणून आम्हा सगळ्यांना दाखवली. आक्काने तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. शुक्रवारी ती बसली, रेडिएटर जागेवर आलं, आक्काने पाणी गाळून ओतलं, हुसेनने हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. पट्टा एक क्षण फिरला, डावीकडे सरकला आणि सुटला, जुन्या पुलीवरून सुटायचा तसाच, त्याच बाजूला. काम नमुन्याबरहुकूम झालं होतं यात शंका नव्हती.

मग उपायांची सुगी आली. वखारीतला मुकादम म्हणाला, राळ लावा. शेजारच्यांनी काकवी सुचवली, कारण काकवीला तंबाखू चिकटतो तर पट्टा का चिकटणार नाही. काकवी लावली. पट्टा चिकटला नाही, मुंग्या चिकटल्या. आक्का भुवया वर करून उभी राहिली आणि एकही मुंगी मेली नाही पाहिजे म्हणाली, तेव्हा आप्पा आणि हुसेन दोघे पाऊण तास मोटारीच्या नाकातोंडातून मुंग्या फुंकून काढत बसले. मग पट्टा तोकडा केला. मग शेजारी बांबूची कामटी बांधली, पट्ट्याला आडवी भिंत म्हणून, आणि पट्टा निदान अंगणापुरता टिकला. आप्पांना एवढं सगळं पटत होतं. फक्त पुलीकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. पुली नमुन्याप्रमाणे होती.

आणि मला उत्तर माहीत होतं.

शहापूरला मामांच्या गल्लीत पिठाची गिरणी होती. दळण घेऊन मी तिथे तासन् तास उभी राहिलेली. गिरणीचा रुंद पट्टा एवढ्या वेगाने फिरतो, त्याला खाच नाही, कठडा नाही, मग तो पडत का नाही, असं मी एकदा गिरणीवाल्याला विचारलं होतं. त्याने इंजिन थांबल्यावर माझा हात धरून चाकावर ठेवला. मध्ये उंचवटा होता, कडांना उतार. तो म्हणाला, पट्टा नेहमी उंचाकडे चढतो, म्हणून चाकाला पोट ठेवायचं असतं. गंमत म्हणजे त्या दहा दिवसांत मी कप्पीचंच प्रकरण पाठ करत होते, आणि पुस्तकात पोट असलेली कप्पी नव्हती. पुस्तकातली कप्पी विहिरीवरच्या रहाटासारखी, दोरासाठी खळगा असलेली. आमच्या साऱ्या गावाला ठाऊक असलेली कप्पीही तीच. दोर खळग्यात बसतो म्हणून पट्टाही खळग्यात बसेल, असं कुणालाही वाटावं.

माहीत असून मी गप्प का? कारण सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही. वर्षभर एका घरात राहून आप्पांशी माझा एक शब्द झालेला नव्हता. मला काही सांगायचं असेल तर ते आक्काला सांगायचं, आक्काने ते आप्पांना सांगायचं. आप्पा चार हातांवर बसलेले असले तरी रस्ता आक्कावरूनच. आक्काचा स्वभाव मुद्द्याचा. दहा वाक्यं दिली तर ती एक पोचवायची आणि ते तिला आवडलेलं असायचं. मी स्वयंपाकघरात तिला गिरणी, उंचवटा, उतार, सगळं अर्धा तास समजावलं. ती ओसरीवर आप्पांच्या पानाशी गेली आणि म्हणाली, "सून म्हणतीया, तुमचा नमुना चुकीचा हाय."

आप्पा जेवायचे थांबले. त्यांच्या पेढीवर बापजन्मात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांनी पाटावरून उठून हात धुतला आणि तो सगळा दिवस कानडीसुद्धा बोलले नाहीत.

रविवारी सूर्य उगवताना आम्ही निघालो. परीक्षा सोमवारी सकाळी. पुढे आप्पा आणि त्यांच्या शेजारी हुसेन. माल ठिकाणावर पोचेपर्यंत जबाबदारी ज्याने दिला त्याची, असा पेढीचा नियम होता, म्हणून त्यालाही घेतलेलं. मागे मी आणि आक्का, मध्ये दशम्यांची टोपली, पाण्याची कळशी आणि तिच्यावर घडी करून ठेवलेलं गाळणं. जाडं, पांढरं, दुपदरी खादीचं फडकं. बैठकीखाली जुनी पुलीही होती. ती आप्पांनी बरोबर का घेतली होती कोण जाणे. बहुधा साक्षीदार म्हणून.

तवंदीच्या घाटात पहिल्याच वळणावर कामटी तुटली आणि पट्टा सुटला. हुसेनने बसवला. शंभर पावलांवर परत सुटला. मग रेडिएटरने शिट्टी घातली. आता बघा, दुसरा कोणी असता तर त्याने ओढ्याचं पाणी ओतलं असतं आणि पुढे गेला असता. आमचं तसं नव्हतं. आधी बंब निवू द्यायचा. मग हुसेनने पायथ्याच्या विहिरीवरून कळशी भरून आणायची. मग आक्काने मोटारीच्या नाकावर गाळणं पसरून पाणी ओतायचं, घाई न करता. मग तांब्यातली जिवाणी घेऊन हुसेनने परत पायथ्याला जायचं आणि ती त्याच विहिरीत सोडून यायची. तोवर सूर्य हातभर वर. असं तीनदा झालं. मागून आलेली तंबाखूची बैलगाडी आम्हाला ओलांडून पुढे गेली आणि आप्पांनी मान दुसरीकडे वळवली. आक्काला निराळीच काळजी, की दिवस मावळायच्या आत बेळगाव गाठलं नाही तर सगळ्यांचं जेवण राहणार, कारण सूर्यास्तानंतर आम्ही खात नाही.

चौथ्यांदा वाफ आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आप्पा बॉनेटशी उभे होते. ते पुटपुटले, "परत फिरावं लागतंय." कुणाला म्हणाले नाहीत, रस्त्याला म्हणाले.

मला आप्पांची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती उद्याच्या दुपारची वाटत होती. घरी चुलीपुढे बसून, आता पहिला पेपर सुटला असेल, असं मनात म्हणायची वेळ येईल तिची. मी खाली उतरले. पदर डोक्यावरून घेतला, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आक्काकडे न बघता बोलले.

"आप्पा, मिस्त्रींचा माल चोख हाय. नमुनाच झिजल्याला हुता."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बैठकीखालून जुनी पुली काढली. दुसऱ्याचा तंबाखू चाचपताना ते करायचे तसा अंगठा तिच्या खळग्यातून फिरवला. एकदा, दोनदा. मला वाटतं त्या दहा दिवसांत त्यांनी तिला पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहिलं.

"मग कशी पायजे?" त्यांनी विचारलं. मला.

आक्का सवयीने पुढे झाली आणि मला म्हणाली, "ते इचारत्यात, कशी पायजे." मी म्हटलं, ऐकलं. मग मी गिरणीचं सगळं सांगितलं, मधला उंचवटा, कडांचा उतार. आप्पांनी हुसेनकडे वळून विचारलं, ही म्हणते ते खरं का. हुसेन हात पुसत म्हणाला, खरं आहे.

"तुला ठावं हुतं?"

"ठावं हुतं की."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी नमुना दिलासा आप्पा. इचारलं कुठं?"

हुसेनला माहीत होतं, मला माहीत होतं, माझ्यामुळे आक्कालाही माहीत होतं. घरातली पुष्कळशी माहिती अशीच घरधन्याला वळसा घालून फिरत असते, हे मला पुढे संसारात आणि शाळेत, दोन्हीकडे दिसलं. आप्पा संतापतील असं वाटलं. पण ते जोरात शिंकले, आणि शिंक संपल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलेलं होतं.

परत जाऊन दुसरी पुली कातायला वेळ नव्हता. मी म्हटलं, आहे तिच्यावरच मधोमध कापडाची पट्टी गुंडाळत न्यायची, खळगा भरेपर्यंत आणि वर थोडं पोट येईपर्यंत. हुसेनने मान डोलवली. पण कापड जाड हवं, दमाचं. माझं लुगडं पातळ होतं, आप्पांचं धोतर त्याहून. सगळ्यांची नजर हळूहळू कळशीवर गेली.

आक्काने गाळणं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. ते फडकं तिच्या सासूने तिला दिलेलं. त्याच्याशिवाय तिने घोटभर पाणी प्यालेलं मी पाहिलं नव्हतं. ते त्या काळ्या तेलकट इंजिनात जाणार, हे नुसतं मनात आणून तिने ते पदराखाली घेतलं. मग तिने मागच्या बैठकीवर राहिलेल्या माझ्या पुस्तकाकडे पाहिलं, आणि तिच्या मुद्देसूद स्वभावाने ते गणित सोडवलं.

"पट्टा टिकला तर पाणी उकळायचं न्हाय," ती म्हणाली. "उकळलं न्हाय तर गाळायचं कशाला? घ्या." आणि तिने स्वतःच ते टर्रकन फाडलं.

हुसेन मोटारीखाली शिरला. नुसते पाय दिसत होते. आक्काने पदराला टोचलेली सुई दोरा ओवून खाली दिली आणि ओणवी होऊन सांगायला लागली, टाका उलटा घाल, अंतर सारखं ठेव, शेवटाला गाठ मार. हुसेनने आयुष्यात इंजिनं उघडली होती, शिवण पहिल्यांदाच. तो खालून विचारायचा, आता? आणि आप्पा ते आक्काला न विचारता मला विचारायचे.

हँडल मारलं. पट्टा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि मग हळूच वर चढून मधोमध बसला, मानाचा पाहुणा लोडाला टेकून बसतो तसा. आम्ही चौघे खाली वाकून त्याच्याकडे बघत उभे राहिलो. तो हलला नाही. आप्पा गाडीत बसले आणि म्हणाले, "नडी." एकदाच म्हणाले. ती चढली.

संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. वंटमुरीच्या घाटात कापड तापून करपल्याचा वास आला, तेव्हा आक्काने मागायच्या आत दुसरी पट्टी फाडून दिली. काकती ओलांडून बेळगाव दिसलं तेव्हा दिवस कासराभर वर होता. मामांच्या दारात आम्ही जेवायला बसलो आणि आक्काने पहिलं काय केलं असेल तर मामींकडून नवं गाळणं मागून घेतलं. मी परीक्षेला बसले. पास झाले. त्या पासावर पुढे शिक्षकीण झाले, आणि या टेबलाशी बसून तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या.

निपाणीला परतल्यावर आप्पांनी ती कापड गुंडाळलेली पुली काढवली आणि हुसेनच्या हातात दिली. म्हणाले, हा नमुना. हुसेनने पुन्हा दोन दिवस लेथ चालवला आणि नवी पुली दिली. मध्ये पोट अगदी तेवढंच. आणि पोटावर एका जागी बारीकसं टेंगूळ, आक्काने मारायला लावलेल्या गाठीचं. आप्पांनी ते बोटाने दाखवलं तेव्हा हुसेन म्हणाला, नमुन्यात होतं. या वेळी आप्पा हसले आणि त्यांनी ते कानसून काढायला सांगितलं. त्यांनी नमुन्याबाहेर जाऊ दिलेली ती पहिली वस्तू.

पण काल नातीचं घोकणं ऐकताना मला हे सगळं नाही आठवलं. आठवला तो शास्त्राच्या पेपराचा दिवस. पेपर सुटून मी बाहेर आले तर आप्पा समोरच्या झाडाखाली तीन तास उभेच होते. आता आमच्यामध्ये आक्का लागत नव्हती. त्यांनी विचारलं, "पेपरात कप्पी आलती का?"

मी म्हटलं, आलती. तिचे प्रकार विचारले होते, तीन लिहिले.

"आनि चौथा? पोटाचा?"

मी सांगितलं की तो पुस्तकात नाही, लिहिला असता तर गुण कापले असते. आप्पांचा चेहरा पडला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. चालता चालता ते थांबले आणि म्हणाले, "पोरी, ठावं असून बोलली न्हाईस, तर त्यास्नी कळायचं कसं?"

मी मान खाली घालून त्यांच्या मागून चालत राहिले.

नातीने तिसऱ्यांदा "प्रकार तीन" म्हटलं, शिंकली आणि पाणी प्यायला आत गेली. मी वजन बाजूला सारलं, पेन्सिल घेतली आणि तिच्या पुस्तकात तिसऱ्या प्रकाराच्या खाली चौथा लिहून ठेवला.